आबांना घरी ठेवलं म्हणजे सोडून दिलं का?

प्रश्न (नाव-गाव गाळून, थोडक्यात): मी पारोळा तालुक्यातला कापूस-मक्याचा शेतकरी, वय ३६. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६३ वर्षांचे. दिवाळीच्या सुमारास त्यांना रेघा वाकड्या दिसायला लागल्या, जिन्याची पायरी सापडेना. चष्मा बदलला, मग शिबिरात एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फरक पडला नाही. डिसेंबरात तोल जायला लागला, संक्रांतीनंतर शेताचा रोजचा रस्ता चुकले. आता मार्च चाललाय. हातपाय सारखे दचकतात, नातवांची नावं येत नाहीत, दोन-तीन शब्दांपलीकडे बोलणं नाही. जळगावच्या न्यूरॉलॉजिस्टांनी एमआरआय, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) आणि पाठीतलं पाणी तपासून ‘सीजेडी’ सांगितलं. उपाय नाही, घरी न्या म्हणाले. मोठे काका म्हणतात, दोन एकर विकू आणि मुंबईला नेऊ. शिवाय तीन लाखांत खात्रीचं औषध देणारा कुणी त्यांना सापडलाय. सातबारा आबांच्या नावावर आहे, तर त्यांचा अंगठा घेऊन व्यवहार उरकू म्हणतात. आईने आबांचं ताट-तांब्या वेगळं काढलं, माझी दोन्ही पोरं अमळनेरला मामाकडे पाठवली. गाव म्हणतं, बोकडाचा भेजा खायचे म्हणून झालं. धाकट्या बहिणीचा साखरपुडा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलाय. शेत न विकता आबांना घरीच ठेवलं तर ‘लोके काय म्हनतीन’ याने झोप लागत नाही. मी त्यांना सोडून दिलं असं होईल का?

उत्तर:

भाऊ, आधी अंगठ्याचं बघू. बाकीच्या गोष्टी चार दिवस थांबतील, ही थांबणार नाही.

आबांना आज व्यवहार कळत नाही, हे तुमच्या पत्रातच आहे आणि डॉक्टरांच्या कागदांवरही असणार. भारतीय करार कायद्याप्रमाणे (१८७२ पासून हेच चालत आलंय) ज्याला करार समजत नाही, त्याने केलेला करार मुळातच रद्द धरला जातो. उद्या एखाद्या वारसाने किंवा खुद्द खरेदीदाराने वाद काढला, तर हीच फाइल तुमच्याविरुद्ध कोर्टात ठेवली जाईल. आता घेतलेलं मुखत्यारपत्रही तसंच कुचकामी. कायदेशीर वाट म्हणजे न्यायालयाकडून पालक नेमून घ्यायचा, आणि त्याला जो वेळ लागतो तेवढा या आजारात नसतो. तेव्हा काकांना वाईटपणा न घेता सांगा की वकील नको म्हणतो. ते खरंही आहे. बँकेत आबांच्या नावावर पैसे असतील तर शाखेत जाऊन आजारी खातेदारासाठी काय पद्धत आहे ते विचारा. कोऱ्या स्लिपांवर कुणी अंगठे उठवून ठेवत असेल तर ते आजच बंद करा.

आता निदानाकडे. ‘उपाय नाही’ ऐकल्यावर माणूस एक तर हातपाय गाळतो, नाही तर मुंबईचं तिकीट काढतो. या दोन्हींच्या आधी एक काम असतं: जे बरं होऊ शकतं असं काही सुटलेलं नाही ना, हे पाहून घेणं. काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच, पण तेवढं खरंच आहे.

सीजेडी म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार. मेंदूतलं प्रिऑन नावाचं नेहमीचं प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं, आणि विरजणाच्या थेंबाने दूध लागत जावं तसं शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तीच घडी लावत जातं. ना जंतू, ना विषाणू. म्हणून ताप नसतो आणि अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. जगभर दर वर्षी दहा लाखांमागे एक-दोन जणांना होतो, बहुतेक साठीच्या आसपास. त्यातले साधारण ८५ टक्के कुठल्याही बाहेरच्या कारणाशिवाय होतात. आबांची सुरुवात नजरेपासून झाली, तोही या आजाराचा एक ओळखीचा प्रकार आहे. डोळा ठीक असतो, बिघाड मेंदूच्या मागच्या भागात असतो. त्यामुळे असे रुग्ण आधी चष्म्याच्या दुकानात आणि मोतीबिंदूच्या शिबिरात जातात. तुमचं काही चुकलं नाही.

पण काही आजार हुबेहूब सीजेडीसारखे दिसतात आणि औषधाने सुधारतात. सगळ्यात महत्त्वाचा ऑटोइम्यून एन्सेफलायटिस: शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते, विसरभोळेपणा येतो, झटके येतात. त्याखेरीज थायरॉइडच्या अँटिबॉडींशी जोडलेला मेंदूचा आजार, बी-१२ची मोठी कमतरता, रक्तातलं सोडियम फार उतरणं, मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग, पडल्यामुळे कवटीत हळूहळू साचलेलं रक्त, जुना सिफिलिस, एचआयव्ही, मेंदूतला लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग), आणि बाहेरून न दिसणारी सततची फिट. मानसिक आजारावरच्या लिथियमचा किंवा पोटासाठी दिल्या जाणाऱ्या बिस्मथचा अतिरेक झाला तरी माणूस असाच दचकतो आणि भ्रमतो. म्हणून आबा वर्षभरात काय काय घेत होते त्याची यादी करा. गोळ्या, चूर्णं, भस्मं, कुणी दिलेल्या पुड्या, सगळं. कपाशीवर फवारणी स्वतः करत होते का, तेही लिहा.

मग फाइल उघडा. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘डिफ्यूजन’ या तपासणीचा उल्लेख आहे का पाहा. सीजेडीत मेंदूच्या कडेची घडी रिबिनीसारखी उजळते किंवा आतले दोन गाभे, कॉडेट आणि पुटामेन, उजळतात, आणि हे डिफ्यूजनवरच सगळ्यात स्पष्ट दिसतं. ईईजीत साधारण सेकंदाला एक अशा ठरावीक अंतराने येणाऱ्या टोकदार लहरी असतील तर निदानाला बळ मिळतं, पण त्या सगळ्याच रुग्णांत दिसत नाहीत. पाठीतल्या पाण्याची ‘१४-३-३’ चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्यावर थांबू नका. मेंदूच्या पेशी झपाट्याने मरत असल्या की ती पॉझिटिव्ह येते, मग कारण पक्षाघात असो, फिट असो की मेंदूची सूज. खरी भरवशाची चाचणी आरटी-क्विक. ती पॉझिटिव्ह आली तर जवळपास खात्री धरतात. मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि नमुना न्यूरॉलॉजिस्टांनीच पाठवावा लागतो, तेव्हा ती झाली की नाही हे त्यांना विचारा. ऑटोइम्यून पॅनेल (मेंदूवर उलटलेल्या अँटिबॉडींची तपासणी) रक्त आणि पाठीतलं पाणी, दोन्हींवर झालं का, हेही विचारा. नुसत्या एकावर कधी कधी सुटतं. शंका उरलीच तर डॉक्टर स्टेरॉइडची चाचणीपुरती मात्रा देतात, बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. त्याआधी क्षयरोग नाही ना हे पाहतात, आणि त्या दिवसांत रक्तातली साखर मोजत राहतात. चित्र स्वच्छ असेल तर हे करायची गरज नसते. ठरवायचं न्यूरॉलॉजिस्टांनी, तुम्ही विचारायचं.

दुसरं मत जरूर घ्या, पण आबांना न हलवता. जळगावहून मुंबई चारशेहून अधिक किलोमीटर. दचकणाऱ्या, गिळायला अडखळणाऱ्या माणसाला एवढा प्रवास म्हणजे ठसका, घाबरणं आणि दोन दिवसांची ग्लानी. प्रवास फाइलने करावा. एमआरआयच्या फिल्म पुरत नाहीत, सेंटरमधून सीडी किंवा लिंक मागून घ्या. ईईजीचा मूळ आलेख, सगळे रक्ताचे रिपोर्ट, महिनावार लक्षणांचं एक पान, आणि तुम्ही मोबाइलवर काढलेले दोन व्हिडिओ, एक चालतानाचा (जुना असला तरी) आणि एक दचकण्याचा. हे घेऊन घरातल्या एकाने मुंबई-पुण्याच्या मोठ्या शिक्षण रुग्णालयात न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत जावं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) या आजाराचं काम जुनं आहे, तुमचे डॉक्टर तिथल्यांशी बोलू शकतात. जावं मात्र काकांनी. ‘मुंबईला दाखवलं’ हे गावात त्यांच्याच तोंडून आलेलं बरं.

तीन लाखांचं औषध सोडा. क्विनाक्रिन आणि डॉक्सिसायक्लिन या दोन औषधांवर आशा ठेवून परदेशात रीतसर चाचण्या झाल्या, आयुष्य वाढलं नाही. सिद्ध औषध असतं तर जळगावच्या डॉक्टरांनी ते लपवून का ठेवलं असतं? पाऱ्या-शिशाची भस्मं आधीच खचलेल्या मेंदूला आणखी त्रास देतील, ते वेगळंच.

निदान कायम राहिलं तर वेळेचा हिशेब कठोर आहे. निम्मे रुग्ण लक्षणं सुरू झाल्यापासून पाच-सहा महिन्यांत जातात, दहातले जवळपास नऊ वर्षभरात. दिवाळी ते मार्च तुम्हीच मोजा. म्हणून ‘घरी न्या’ याचा अर्थ नीट लावायला हवा. घरी नेणं हेही कामच आहे, चांगलं जड काम. ‘मुंबई गाठली तरच मुलाने कर्तव्य केलं’ हे माप गावाचं, आबांच्या उपयोगाचं नाही.

आता ताट-तांब्या. हा आजार स्पर्शाने, श्वासाने, थुंकीने, उष्ट्याने, लघवी-शौचाच्या सफाईने घरच्यांना होत नाही. वेगळी भांडी, वेगळी खोली, मास्क, काही नको. शौच काढताना हातमोजे आणि साबण, जे कुठल्याही अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी वापरायचे तेवढेच. पोरांना अमळनेरहून परत आणा. आजोबा दचकतात, मोठ्याने हाक मारायची नाही, एवढं त्यांना सांगितलं की पुरे. धोका मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याचा मागचा भाग यांच्या पेशींत असतो, आणि तो शस्त्रक्रियेच्या हत्यारांपुरता. नेहमीच्या उकळण्याने हे प्रथिन मरत नाही, फॉर्मेलिनने तर उलट टिकून राहतं. म्हणून ज्या शिबिरात ऑपरेशन झालं त्या नेत्र रुग्णालयाला निदान लेखी कळवा. मोतीबिंदू डोळ्याच्या पुढच्या भागाचं काम आहे, घाबरून जायचं कारण नाही, पण हत्यारांचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. आणि नेत्रदान, देहदान, अवयवदान यांपैकी आबांनी कुठला फॉर्म भरलेला असेल तर तो अमलात येऊ देऊ नका. १९७४ मध्ये अमेरिकेत अशा रुग्णाच्या बुबुळाच्या पडद्यातून दुसऱ्याला हा आजार गेल्याची नोंद आहे. अंत्यसंस्काराला मात्र अडचण नाही. अंघोळ घालणं, खांदा देणं, दहन, अस्थी तापीत सोडणं, सगळं नेहमीसारखं.

भेज्याचं म्हणाल तर गावाने मोबाइलवर ‘मॅड काऊ’ पाहिलेलं दिसतं. तो वेगळा प्रकार. ब्रिटनमध्ये बाधित गुरांच्या मांसातून माणसांत आला, १९९६ मध्ये ओळखला गेला, तिथे १७८ जण दगावले, आणि त्यातले बहुतेक तरुण होते. शेळ्या-मेंढ्यांतही प्रिऑनचा एक आजार आहे, तो युरोपात अडीचशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे, पण त्यातून माणसाला हा आजार झाल्याचं आढळलेलं नाही. बोकडाला दोष नको.

शुश्रूषेत सगळ्यात जास्त चुका जेवणात होतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आपल्याकडे आजाऱ्याला रश्शात कुस्करलेली भाकरी देतात. या रुग्णाला तीच सगळ्यात धोक्याची. पातळ रस्सा आधी घशात घसरतो, भाकरीचा चोथा तोंडात मागे राहतो, दोघांचा मेळ बसत नाही आणि घास श्वासनळीत जातो. ताक-पाणी-चहाही पातळ म्हणूनच अवघड. सगळं एकजीव आणि चमच्यावरून सावकाश घरंगळेल इतकं घट्ट हवं: मिक्सरमधून काढलेली मऊ खिचडी, दह्यात घोटलेलं पिकलेलं केळं, नाचणीच्या सत्त्वाची खीर, घट्ट दही. पाण्यासाठी मेडिकलमध्ये घट्ट करणारी पावडर मिळते. बसवून, पाठीला आधार देऊन, हनुवटी किंचित खाली. एक छोटा चमचा. कंठमणी वर जाऊन खाली आलेला दिसला की मगच दुसरा. गाल आतून बोटाने तपासा, घास साठलेला असतो. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. तीन वेळा पोटभर देण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं. झोपेत, ग्लानीत काहीही देऊ नका. भेटायला आलेली मंडळी आडव्या माणसाच्या तोंडात ‘दोन चमचे पाणी’ घालतात, त्यांना दारातच सांगा. गंगाजल असेल तर ओठ ओले करा, बास. जेवताना आवाज घरघरीत झाला, किंवा संध्याकाळी ताप चढला, तर घास छातीत गेल्याचा संशय धरून डॉक्टरांना फोन.

गिळणं थांबलं की नाकातून नळीचा प्रश्न येईल, आणि इथे घराघरांत भांडणं होतात. नळीने पोटात अन्न जातं, औषध जातं. पण लाळ छातीत जायची थांबत नाही, आणि आजाराचा वेगही बदलत नाही. रुग्ण ती ओढून काढतो, मग हात बांधावे लागतात. माझं मत: निदानाबद्दल शंका शिल्लक असेल तर नळी घाला, शंका संपल्यावर ती घालणं बंधनकारक नाही, आणि न घालणं म्हणजे उपाशी मारणं नव्हे. शेवटी शेवटी शरीर अन्न मागत नाही. घातलीत तर नाकपुडीपाशी नळीवर शाईची खूण करून ठेवा. खूण सरकलेली दिसली तर नर्सने पाहीपर्यंत आत काही सोडू नका. डोकं ३० ते ४५ अंश वर, एका वेळी २०० ते २५० मिली, घाई न करता, शेवटी ३० मिली पाणी.

दचकण्यावर क्लोनाझेपाम किंवा लेव्हेटिरासेटाम देतात. क्लोनाझेपामने झोप आणि गिळण्यातला ढिलेपणा वाढतो, म्हणून मात्रा अगदी कमीपासून. भास किंवा चिडचिड झाली तर हॅलोपेरिडॉल आपल्या मनाने देऊ नका, अंग आणखी आखडू शकतं. हात लावण्याआधी नाव घेऊन बोला. ट्यूबलाइटऐवजी मंद दिवा ठेवा, स्टीलचा डबा आपटू नका. दर दोन तासांनी कूस बदला, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात, तिथे चोळू नका, त्या कुशीवर ठेवू नका. हवेची गादी घेतलीत तर तिचा पंप इन्व्हर्टरवर जोडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना लाईट गेली की गादी बसते आणि रुग्ण तापलेल्या रबरावर पडून राहतो. तोंड ओल्या गॉझने पुसणं, डोळ्यांत थेंब, पोट साफ, हे रोजचं. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचा) विभाग किंवा घरी येणारी नर्स आहे का ते आत्ताच विचारून ठेवा.

आयसीयू नको असेल तर तेही आधी ठरवा. एकदा व्हेंटिलेटर लागला की तो काढायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिलेली आणि २०२३ मध्ये सोपी केलेली पद्धत, म्हणजे डॉक्टरांची दोन मंडळं, यातून जावं लागतं. निदान, चालू औषधं, काय करायचं नाही, आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून भिंतीला लावा. रात्री दोन वाजता १०८ ला फोन करणारा बहुधा शेजारी असतो, त्याला काही माहीत नसतं.

राहिली बहीण. दहा ते पंधरा टक्के रुग्णांत हा आजार जनुकातल्या बदलामुळे होतो, आणि तसं असेल तर प्रत्येक मुलाला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी. आबांच्या आई-वडिलांत, भावंडांत कुणी काही महिन्यांत भ्रमून गेलेलं आहे का, काकांना विचारा. जुन्या माणसांत त्याला ‘लकवा’ किंवा ‘बाहेरचं’ म्हटलेलं असतं. कुणी नसलं तरी पूर्ण निर्वाळा मिळत नाही. आबा असेपर्यंत त्यांचं थोडं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत काढून जनुक तपासणीला देता येतं, किंवा डीएनए काढून नुसता जपून ठेवता येतो. नंतर ही सोय राहत नाही. आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला, कारण उत्तर एकदा कळलं की ते न कळल्यासारखं करता येत नाही. बहिणीची तपासणी मात्र लग्नासाठी म्हणून कुणीही मागू नये, तुम्हीही कबूल करू नका. तो निर्णय तिचा, तिला वाटेल तेव्हा. सासरच्यांना आजाराचं नाव आणि तो बहुतांशी वंशाने येत नाही हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा, दुसऱ्याकडून कळलं तर उलटंच कळेल. साखरपुडा आखाजीपर्यंत ठेवू नका. याच महिन्यात घरच्या ओट्यावर वीस माणसांत उरका, बँड लावू नका, आणि टिळा लावायच्या वेळी आबांची खाट आतल्या खोलीत नको, बाहेर घ्या.